जुन्या दुपंखी विमानांचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतील सर्वांच्या परिचयाचा आहे. पडक्या धर्मशाळेचा, ढासळलेल्या वेशीचा, गाळानें बुजलेल्या विहिरीचा जीर्णोद्धार होतो व गांव त्याचें कौतुक करतो. परंतु जें यंत्र एके काळीं आकाशांत उडत होतें आणि पुढें कित्येक दशकें अडगळींत पडून राहिलें, अशा विमानाचाहि जीर्णोद्धार करतां येतो, आणि तो पुरा झाल्यावर तें विमान माणसाला घेऊन पुन्हां आकाशांत चढतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. प्रस्तुत लेखांत त्या कामाची ओळख विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खर्ड्यासारख्या गांवीं विमानांची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या विमानांविषयीं आम्ही लिहीत आहों, तीं आजच्यासारखीं पत्र्याचीं नव्हतीं; तीं मुख्यतः लांकूड, कापड, सरस, तार आणि थोडें लोखंड यांचीं केलेलीं असत. म्हणजे सुतार, शिंपी व लोहार या तिघांच्या हातचें तें काम होतें. शिवाय जुन्या वस्तूचें काय करावें, हा प्रश्नहि आपल्याला नवा नाहीं. ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांची व निजामाची लढाई झाली, तेव्हां निजामानें ज्याचा आश्रय घेतला, तो किल्ला आपल्या गांवालगत आहे. जें जुनें आहे तें पडूं द्यावें, नुसतें पाहण्यासाठीं राखावें, कीं पुन्हां कामांत आणावें, याचा निर्णय प्रत्येक पिढीला करावा लागतो. विमानाच्या बाबतींत हा निर्णय अधिक कठीण असतो. कारण तेथें चुकीची किंमत मनुष्याच्या प्राणांनीं द्यावी लागते.

दुपंखी विमानांचा काळ

राइट बंधूंचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९०३ रोजीं झालें, आणि १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. तेव्हां विमानविद्या अवघी दहाअकरा वर्षांची होती. युद्धाच्या चार वर्षांत मात्र तिची वाढ झपाट्यानें झाली. सॉपविथ कॅमल, एस्. ई. ५ ए, ब्रिस्टल फायटर हीं त्या वेळचीं नामांकित लढाऊ विमानें होत. त्यांना एकावर एक असे दोन पंख असत, म्हणून त्यांस आपण ‘दुपंखी’ म्हणूं.

या विमानांशीं आपल्या देशाचा संबंध जुना आहे. १९१७ सालीं ब्रिटिश वायुदलांत जे मोजके हिंदी तरुण वैमानिक म्हणून घेतले गेले, त्यांत कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय, पंजाबचे हरदितसिंग मलिक आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे होते. रॉय एस्. ई. ५ ए चालवीत. वेलिणकर सॉपविथ डॉल्फिन नांवाचें दुपंखी लढाऊ विमान चालवीत. १९१८ च्या जून महिन्यांत वेलिणकर व जुलै महिन्यांत रॉय फ्रान्सच्या रणभूमीवर कामास आले. त्या वेळीं हे दोघेहि आपल्या वरच्या वर्गांतील मुलांपेक्षां फार मोठे नव्हते. रॉय तर एकोणीस वर्षांचे होते.

युद्ध संपल्यावर ब्रिटनजवळ हजारों विमानें निरुपयोगी पडून राहिलीं. त्यांपैकीं कांहीं विमानें वसाहतींना व हिंदुस्थानाला देणगी म्हणून देण्यांत आलीं. हिंदुस्थानाच्या वाट्यास सुमारें १०० विमानें आलीं; त्यांत डी. एच्. ९ या जातीचीं बाँबफेकी विमानें व ॲव्हरो ५०४ या जातीचीं शिकाऊ विमानें होतीं. पुढें ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं हिंदी वायुसेनेची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळील ड्रिग रोड येथें तिचें पहिलें पथक उभें राहिलें. त्या पथकाजवळ चार विमानें होतीं, आणि तींहि वापिटी नांवाचीं दुपंखीच होतीं. आज भारतीय वायुसेना ज्या स्थितीस पोंचली आहे, तिचा उगम अशा दुपंखी यंत्रांत आहे.

दोन पंख कशासाठीं?

त्या काळचीं एंजिनें अशक्त होतीं. म्हणून विमान हलकें असणें अवश्य होतें. हलका पंख म्हणजे पातळ पंख, आणि पातळ पंख लांब केला तर तो वांकतो. यावर युक्ति निघाली ती पुलाच्या कैचीची. एकाच लांब पंखाऐवजीं दोन आंखूड पंख एकावर एक ठेवावयाचे, मध्यें उभे खांब द्यावयाचे, आणि खांबांच्या चौकोनांत तिरप्या तारा ताणावयाच्या. मग दोन दुबळे पंख मिळून एक बळकट सांगाडा होतो.

याचा प्रयोग वर्गांत करून पाहतां येईल. लांकडाच्या दोन पट्ट्या एकीवर एक धरून त्यांच्या मध्यें चार खुंट्या लावा. हा सांगाडा बाजूस ढकलला तर लगेच कलतो. आतां समोरासमोरच्या कोपऱ्यांना तिरपे दोरे ताणून बांधा. तो जागचा हालत नाहीं. एक दोरा कापा, कीं पुन्हां कलतो. दुपंखी विमानांतील तारांचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल. या तारा दोन प्रकारच्या असतात. विमान उडत असतांना हवा पंखांना वर उचलूं पाहते. तो जोर एका प्रकारच्या तारा सोसतात. विमान जमिनीवर उभें असतांना पंख स्वतःच्या भारानें खालीं झुकूं पाहतात. तो भार दुसऱ्या प्रकारच्या तारा सोसतात.

पंखाच्या आंत लांबवर गेलेले दोन मुख्य दांडे असतात. त्यांच्यावर ठराविक अंतरानें पातळ लांकडाच्या बरगड्या बसविलेल्या असतात, आणि या साऱ्यावर कापड ताणलेलें असतें. बाहेरून दिसतें तें केवळ कापड. भार सोसतात ते आंतील दांडे, सांधे आणि तारा. जीर्णोद्धाराचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे, तें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

बिकानेरच्या हत्तीखान्यांतील विमानें

आतां एक खरी हकीकत सांगतों. वर सांगितलेल्या देणगीपैकीं डी. एच्. ९ जातीचीं कांहीं विमानें बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्याकडे गेलीं. काळाच्या ओघांत तीं निकामी झालीं, आणि त्यांचे सांगाडे बिकानेरच्या जुनागड किल्ल्यांत, हत्ती बांधण्याच्या जागेंत, हौद्यांच्या व इतर अडगळीच्या संगतींत पडून राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस गाय ब्लॅक नांवाच्या एका इंग्रज विमानसंग्राहकाला त्यांचा सुगावा लागला. त्यानें येऊन पाहिलें तों लांकडाचा पुष्कळसा भाग वाळवीनें खाल्लेला होता. धातूचे जोड मात्र मोठ्या संख्येनें शाबूत होते.

आपल्याकडे वाळवीनें घराची तुळई खाल्ली, तर वरून ती धड दिसते. बोट दाबलें कीं आंत माती लागते. या विमानांचेंहि तसेंच झालें होतें. दोन विमानांचे अवशेष इंग्लंडला नेण्यांत आले. त्यांपैकीं एक प्रदर्शनासाठीं नीट करून २००७ सालीं डक्सफर्ड येथील युद्धसंग्रहालयांत ठेवण्यांत आलें. दुसरें मात्र उडविण्याच्या निश्चयानेंच हातीं घेतलें गेलें. प्रदर्शनाच्या विमानापेक्षां त्याला कितीतरी अधिक काळ लागला. अखेर मे २०१९ मध्यें त्याच डक्सफर्डच्या धावपट्टीवरून तें आकाशांत चढलें. जन्मानंतर शंभर वर्षांनीं, आणि अर्ध्याहून अधिक आयुष्य हत्तीखान्यांत घालविल्यावर, तें पुन्हां उडालें. अशाच जातीचें एक विमान बिकानेरच्या किल्ल्यांतील संग्रहालयांतहि ठेवलेलें आहे.

एकाच जागीं पडलेल्या दोन सांगाड्यांपैकीं एक २००७ सालीं पुरा व्हावा आणि दुसऱ्यास आणखी बारा वर्षें लागावीं, हें कसें? प्रदर्शनाचें विमान डोळ्यांना पटलें म्हणजे पुरे. उडणारें विमान वैमानिकाच्या प्राणाला पटावें लागतें. त्यासाठीं काय काय करावें लागतें तें क्रमानें पाहूं.

कामाचा क्रम

पहिलें काम मोडणें नव्हे, तर नोंद करणें. विमानाचा प्रत्येक तुकडा सोडविण्यापूर्वीं त्याचें चित्र काढतात, मापें घेतात व त्याला क्रमांक देतात. मूळ कारखान्याचे नकाशे मिळाले तर उत्तमच. न मिळाले तर कुजलेल्या तुकड्यावरूनच नवा नकाशा तयार करतात. म्हणूनच जाणते कारागीर कुजका तुकडाहि फेंकीत नाहींत. तो विमानांत बसविण्याच्या कामाचा नसला, तरी शिकविण्याच्या कामाचा असतो.

दुसरें काम लांकडाचें. मुख्य दांड्यांसाठीं बहुधा स्प्रूस नांवाच्या थंड प्रदेशांतील झाडाचें लांकूड वापरतात. तें वजनाला हलकें, पण ताणाला बळकट असतें. त्यांत गांठ चालत नाहीं, आणि त्याची रेषा सरळ असावी लागते. सामान्य नियम असा कीं, पंधरा इंच लांबींत रेषा एक इंचापेक्षां अधिक तिरपी जातां कामा नये. बैलगाडीचें चाक करणारा सुतार आरे घडवितांना बाभळीच्या लांकडाची रेषा पाहतो, ती याच कारणानें. तिरप्या रेषेचा आरा भाराखालीं उकलतो. तिरप्या रेषेचा दांडा आकाशांत उकलतो, इतकाच भेद.

तिसरें काम सांध्यांचें. जुन्या काळीं लांकूड सांधण्यासाठीं दुधांतील केसीन नांवाच्या द्रव्याचा सरस वापरीत. तो कोरडा असतांना बळकट असतो, पण ओल लागली कीं त्याला बुरशी येते आणि सांधा सुटतो. म्हणून आतां उडणाऱ्या विमानांत रासायनिक सरस वापरतात. सांध्याची परीक्षा करण्यासाठीं त्याच लांकडाचे व त्याच सरसाचे नमुन्याचे तुकडे जोडून ते मुद्दाम मोडून पाहतात. मोड लांकडांत झाली तर सांधा चांगला. सरसांत झाली तर वाईट. ही परीक्षा शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांतहि करतां येईल.

चौथें काम धातूचें. जोडपट्ट्या, खिळे, पोलादी नळ्या यांवरील गंज काढून त्यांत भेग आहे काय तें पाहतात. डोळ्यांना न दिसणारी भेग शोधण्याची एक सुंदर युक्ति आहे. पोलादाचा तुकडा चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक पूड सोडतात. जेथें भेग असेल तेथें पूड रेषेसारखी गोळा होते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील चुंबकाचा धडा असा वैमानिकाच्या प्राणाचें रक्षण करतो.

पांचवें काम कापडाचें. तें मूळचें लिनन, म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडाच्या देंठांतील धाग्याचें कापड. आपण जवस पेरतों तो बियांसाठीं, तेलासाठीं आणि चटणीसाठीं. आयर्लंडांत त्याच्याच सूतानें विमानें मढविलीं जात. हें कापड प्रत्येक बरगडीला मेण लावलेल्या दोऱ्यानें शिवतात, आणि प्रत्येक टांक्याला स्वतंत्र गांठ मारतात. एक टांका तुटला तरी पुढचा उसवूं नये, हा त्यांतील हेतु. मग कापडावर ‘डोप’ नांवाच्या द्रवाचे हात देतात. तो वाळतांना कापड आवळतें व डफाच्या कातड्यासारखें ताणतें. बोटानें टिचकी मारली तर तसाच आवाज निघतो.

येथें एक नियम फार मोलाचा आहे. पंखावर कापड चढविण्यापूर्वीं तपासनीस येऊन आंतील प्रत्येक सांधा पाहतो आणि नोंदवहींत सही करतो. त्या सहीवांचून पंख झांकतां येत नाहीं. कारण एकदां कापड चढलें कीं चांगलें काम व वाईट काम दोन्ही सारखींच दिसतात.

सहावें काम एंजिनाचें. बिकानेरच्या विमानाचें एंजिन सिडली प्यूमा जातीचें, सहा नळकांड्यांचें व सुमारें २३० अश्वशक्तीचें होतें. त्या काळच्या ॲव्हरो ५०४ आणि कॅमल या विमानांचें एंजिन त्याहूनहि विलक्षण असे. त्यांत आंस स्थिर राहतो, आणि पंख्याबरोबर सारें एंजिनच गरगर फिरतें. त्याला वंगण लागे तें एरंडेलाचें. कारण एरंडेल पेट्रोलांत सहसा विरघळत नाहीं. बांधावर उगवणाऱ्या एरंडाला आपण किंमत देत नाहीं, पण पहिल्या महायुद्धाच्या विमानांना त्याच्या तेलावांचून चालत नसे. आजहि अशीं फिरतीं एंजिनें चालवितांना एरंडेलच घालतात, आणि विमान गेल्यावर त्याचा वास मागें दरवळतो.

शेवटचें काम जुळणीचें व परीक्षेचें. पंख जोडून तारा ताणतात आणि पंखांचा कोन मोजतात. एका बाजूची तार थोडी अधिक ताणली गेली, तरी विमान हवेंत एका अंगाला ओढ घेतें. नंतर एंजिन जमिनीवरच पुष्कळ वेळ चालवून पाहतात. मग विमान धावपट्टीवर नुसतें फिरवितात. आणि सर्व कांहीं ठीक दिसल्यावर, सरकारी अधिकाऱ्यांच्या परवानगीनें, अनुभवी वैमानिक पहिलें छोटें उड्डाण करतो.

विमान तेंच कीं दुसरें?

येथें चौकस विद्यार्थी विचारील, “इतकें लांकूड नवें, कापड नवें, सरस नवा, मग हें जुनें विमान कसें?” प्रश्न योग्य आहे. आजोबांच्या गाडीचीं चाकें बदललीं, पुढें साटी बदलली, नंतर जूं बदललें. तरी घरांतील माणसें तिला आजोबांचीच गाडी म्हणतात. कारण ती एका दिवशीं नवी आणलेली नसून भागाभागानें नवी होत आलेली असते. परंतु बाजारांतून तशाच आकाराची दुसरी गाडी आणून तिला आजोबांची म्हटलें, तर तें असत्य होईल.

विमानांच्या बाबतींतहि जाणते लोक असाच भेद करतात. ज्याचे बहुतेक भाग मूळचे आहेत तें ‘मूळ’ विमान. ज्याचे जुने भाग आधारास धरून उरलेले नव्यानें भरले आहेत तें ‘जीर्णोद्धार केलेलें’. आणि ज्यांत जुनें कांहींच नाहीं, फक्त आकार जुना आहे, ती ‘प्रतिकृति’. प्रतिकृति करण्यांत दोष नाहीं. प्रतिकृतीस मूळ म्हणून दाखविण्यांत आहे. यासाठीं कोणता भाग जुना व कोणता नवा, याची नोंद ठेवणें हा जीर्णोद्धाराचाच एक अंश आहे. उत्तम कारागिराचें कौशल्य जितकें हातांत, तितकेंच तें त्याच्या वहींत दिसतें.

उडवावें कीं ठेवावें?

आतां सर्वांत कठीण प्रश्न. इतक्या परिश्रमानें वांचविलेलें विमान पुन्हां धोक्यांत कां घालावें? हा आक्षेप निराधार नाहीं. २१ जुलै १९९६ रोजीं इंग्लंडांत बार्टन येथें मॉस्किटो नांवाचें दुसऱ्या महायुद्धांतील लांकडी विमान प्रेक्षकांसमोर कोसळलें आणि त्यांतील दोघेहि मृत्यु पावले. जगांत त्या वेळीं उडणारें तें एकमेव मॉस्किटो होतें. असा प्रसंग ऐकल्यावर वाटतें कीं, जुनीं यंत्रें कांचेपलीकडे ठेवावीं हेंच बरें.

दुसरी बाजूहि ऐकावी. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, अहिल्यानगरास (पूर्वीच्या अहमदनगरास), रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें मुलांना यंत्रांचा आकार कळतो. परंतु यंत्राचा आवाज, कंप, वास, चालविणाऱ्याची धडपड, हें सारें चालत्या यंत्राजवळच कळतें. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं जे. आर्. डी. टाटा यांनीं, आपल्या पहिल्या टपाल-उड्डाणाला पन्नास वर्षें झालीं म्हणून, कराचीहून मुंबईला जुन्या लेपर्ड मॉथ विमानांतून एकट्यानें उड्डाण केलें. तें विमान एकपंखी असलें तरी त्याच जुन्या युगांतील होतें, आणि टाटांचें वय तेव्हां ७८ वर्षांचें होतें. १९३२ सालीं कराची ते जुहू हा मार्ग कसा काटला असेल, हें त्या एका उड्डाणानें जितकें स्पष्ट केलें, तितकें शंभर चित्रांनीं झालें नसतें.

आमच्या मतें येथें एक साधा विवेक उपयोगी पडतो. जें एकुलतें एक उरलें आहे तें उडवूं नये. दिल्लीस पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयांत एक वापिटी आहे. त्या जातीचें दुसरें पूर्ण विमान जगांत राहिलेलें नाहीं. तें जमिनीवरच शोभतें. परंतु जेथें एकाहून अधिक नमुने आहेत, तेथें एकानें स्वस्थ बसावें व एकानें उडावें. बिकानेरच्या विमानांच्या बाबतींत असेंच झालें, आणि तें योग्य झालें.

हात कोठें आहेत?

या विषयांत आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. बिकानेरचीं विमानें नीट होण्यासाठीं इंग्लंडला गेलीं. आपल्या वायुसेनेचें जुनें टायगर मॉथ विमान, ज्यावर हिंदी वैमानिकांच्या कित्येक तुकड्या शिकल्या, तेंहि ब्रिटनमध्यें दुरुस्त होऊन आलें, आणि ८ ऑक्टोबर २०१२ रोजीं, वायुसेनेच्या ऐंशीव्या वर्धापनदिनीं, हिंडन येथें उडालें. २०१८ सालीं वायुसेनेला मिळालेलें ‘परशुराम’ नांवाचें डाकोटा विमानहि ब्रिटनमध्येंच उड्डाणायोग्य होऊन आलें. विमानें आपलीं, इतिहास आपला. पण हात मात्र तिकडचे.

असें कां व्हावें? आपल्याकडे बुद्धि नाहीं म्हणून नव्हे. आपले अभियंते नवीं विमानें बांधतात. स्प्रूस विकत मिळतें, सरस विकत मिळतो. विकत मिळत नाहीं तें जुन्या पद्धतीचें काम करणारें हाताचें वळण. तें एका पिढीकडून दुसरीकडे शेजारीं बसून जातें, आणि मध्यें एक पिढी उठून गेली कीं तुटतें. बार्टनच्या दुर्घटनेनंतर सोळा वर्षांनीं, २०१२ सालीं, न्यूझीलंडमधील कारागिरांनीं मॉस्किटोचा लांकडी सांगाडा नव्यानें घडवून तसें विमान पुन्हां उडविलें. गेलेलें यंत्र परत आणतां आलें, कारण लांकूड वांकवून सांधण्याचें कसब कोणी तरी जिवंत ठेवलें होतें. उडतें विमान राखण्याचा खरा लाभ आम्हांस यांतच दिसतो. उभ्या विमानाची धूळ झटकली कीं पुरे होतें. उडत्या विमानाला दरवर्षीं सुतार, शिंपी व लोहार लागतात, आणि म्हणून ते टिकून राहतात.

पालकांस आमची विनंति आहे कीं, हाताच्या कामाकडे त्यांनीं नापास मुलाची वाट म्हणून पाहूं नये. वर सांगितलेल्या प्रत्येक कामांत गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि स्वच्छ वही लिहिण्याची संवयहि आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी शाळेंत उत्तम गुण मिळवून शिवाय रंधा धरूं इच्छीत असेल, तर त्यांत हानि नाहीं. उलट अशा दुहेरी शिक्षणाच्या माणसांचीच आपल्याकडे उणीव आहे.

विद्यार्थ्यांस एक काम सुचवितों. ज्याला बैलगाडीचें चाक बांधतां येतें, त्यावर तापलेली धाव चढवितां येते, असा वृद्ध कारागीर आपल्या गांवांत किंवा शेजारच्या वस्तीवर शोधून काढा. त्याच्याजवळ बसून चाकाचें मापासहित चित्र काढा. तुंबा, आरे, पुठे यांचीं नांवें लिहा. कोणतें लांकूड, कोणत्या ऋतूंत तोडलेलें, किती दिवस वाळविलेलें, हें विचारून नोंदवा. चित्राखालीं त्या कारागिराचें नांव त्याच्या संमतीनें घाला. बिकानेरच्या हत्तीखान्यांतील विमान शंभर वर्षांनीं उडालें, तें कोणीएकानें काढलेल्या रेषा व घेतलेलीं मापें यांच्या जोरावर. आपल्या वहींतील रेषाहि उद्यां कोणाच्या उपयोगीं पडतील.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. दुपंखी विमानांतील दोन प्रकारच्या तारा कोणता कोणता भार सोसतात? आकृति काढून सांगा.

२. पंखावर कापड चढविण्यापूर्वींच तपासणी कां करतात? आपल्या रोजच्या व्यवहारांतील असें एक उदाहरण द्या.

३. मूळ वस्तु, जीर्णोद्धार केलेली वस्तु आणि प्रतिकृति यांतील भेद एखाद्या घरगुती वस्तूवरून स्पष्ट करा.

४. पालम येथील वापिटी उडवावें असें तुम्हांस वाटतें काय? दोन्ही बाजूंचीं कारणें लिहून आपलें मत द्या.